वाचननोंदीला उत्तर मिळाले पाहिजे

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, राज्यात २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या शाळांत कपाटांतली पुस्तके बाहेर येतात, मुले व्हरांड्यात ओळीने बसून वाचतात, फोटो वर पाठवले जातात. सातारा जिल्ह्यातच भिलार आहे. ४ मे २०१७ रोजी देशातले पहिले पुस्तकांचे गाव म्हणून त्याचे उद्घाटन झाले. वाईला मराठी विश्वकोशाचे काम चालते. पुस्तकांविषयीची आस्था इथे कमी नाही. पण मुलाने पुस्तक वाचले, आता पुढे काय, याला बहुतेक शाळांकडे एकच उत्तर असते: सारांश लिहून आण. त्या सारांशाखाली लाल शाईची सही होते आणि वही परत जाते. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी ऑनलाइन वाचननोंदवही हा याहून कितीतरी चांगला मार्ग आहे आणि तो आपल्याकडच्या साधनांत चालू शकतो, हे सांगण्यासाठी हे पत्र. एक अट मात्र आहे. नोंदीला उत्तर मिळाले पाहिजे. ते मिळत नसेल तर ॲप कुठलेही घ्या, महिन्याभरात मुले लिहायची थांबतात.

वाचता वाचता मनात आलेले मुलाने लिहायचे आणि शिक्षकाने किंवा वर्गमित्राने ते वाचून त्याच्याखाली आपले लिहायचे, एवढीच ही पद्धत. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या नॅन्सी ॲटवेल यांनी १९८०च्या दशकात आठवीच्या मुलांशी वाचलेल्या पुस्तकांबद्दल असा पत्रव्यवहार चालवला. पहिले ग्लोबल टीचर प्राइझ २०१५ मध्ये त्यांनाच मिळाले. तोच पुरस्कार २०२० मध्ये शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातले रणजितसिंह डिसले यांना मिळाला. ॲटवेल यांचा पत्रव्यवहार कागदावरच होता. ऑनलाइन केल्याने काय वाढते ते पुढे येईलच.

आधी एक नोंद जवळून पाहू. समजा, सातवीतल्या मुलीने लिहिले आहे: ‘पान २३. “आजीने दार उघडलेच नाही.” मला वाटतं आजीला माहीत होतं की तो आलाय. कारण पान १९ वर तिने चहाचे दोन कप काढून ठेवले होते.’ याला आपल्याकडचे नेहमीचे उत्तर म्हणजे, ‘छान! असेच लिहीत राहा. ऱ्हस्व-दीर्घ सुधार.’ मुलीने दोन पाने जोडून एक अनुमान काढले, तिला मिळाली शाबासकी आणि शुद्धलेखनाची सूचना. आता दुसरे उत्तर पाहा: ‘ते दोन कप माझ्या लक्षात आले नव्हते. पण तो आलाय हे माहीत होतं, तर दार का उघडलं नसेल? पान २३ नंतर आजी काय काय बोलते ते परत बघ.’ या उत्तरात मुलीच्या नोंदीतली नेमकी गोष्ट उचलली आहे, शिक्षकाने वाचक म्हणून स्वतःचे काही सांगितले आहे आणि पुस्तकाकडे परत जायला लावणारा एकच प्रश्न विचारला आहे. तीन वाक्ये, तीन मिनिटे. पुढच्या खेपेस ती मुलगी कपाकडे, दाराकडे, माणसे काय बोलत नाहीत याकडे लक्ष देऊन वाचेल. आकलन शिकवणे म्हणतात ते हेच, आणि ते सहीने होत नाही.

आता प्रश्न येतो वेळेचा. वर्गात ४० मुले असतील आणि प्रत्येकाने दर आठवड्याला लिहिले तर तीन मिनिटांप्रमाणे दोन तास जातात. कुठल्याही शिक्षकाला ते झेपणार नाही, आणि इथेच हा उपक्रम मोडतो. म्हणून वर्गाचे दोन गट करावेत. या आठवड्यात पहिल्या गटाने शिक्षकांना लिहायचे आणि दुसऱ्या गटाने वर्गमित्राच्या नोंदीला उत्तर द्यायचे. पुढच्या आठवड्यात उलट. शिक्षकांकडे आठवड्याला २० नोंदी येतात, म्हणजे पाच दिवसांत रोज चार, रोज बारा मिनिटे. वर्ग साठचा असेल तर तीन गट करा, पण रोजचे चार हे प्रमाण वाढवू नका. शनिवारी वीसच्या वीस एकदम वाचायला बसले की दहाव्या नोंदीनंतर ‘छान’ सुरू होते.

मुलांनी एकमेकांना द्यायची उत्तरेही शिकवावी लागतात. नुसते सोडले तर अंगठा, हसरा चेहरा आणि ‘मस्त’ यापलीकडे काही येत नाही. दोन नियम पुरतात: मित्राच्या नोंदीतले एक वाक्य उतरवून सुरुवात करायची आणि शेवटी खरोखर उत्तर हवे असलेला एक प्रश्न विचारायचा. जोड्या महिन्याने बदलाव्यात. कायम एकच जोडी राहिली की हुशार मुलाचे पाहून दुसरा लिहू लागतो.

नोंदीसाठी काय विचारायचे, यावर बरेच अवलंबून असते. ‘या गोष्टीतून काय बोध मिळतो?’ हा प्रश्न नोंदवहीतून काढूनच टाकावा. त्याचे उत्तर पुस्तक न वाचताही देता येते: खोटे बोलू नये, झाडे लावावीत, आईवडिलांचा मान ठेवावा. त्याऐवजी पुस्तकातल्या पानाला बांधलेले प्रश्न द्यावेत. कुठल्या वाक्याशी थांबलास, ते पान क्रमांकासह उतरव आणि का थांबलास ते सांग. पुढे काय होईल असे वाटते, आणि कशावरून? कोणाचा राग आला, आणि लेखकाला तो यायला हवा होता असे वाटते का? न कळलेली जागा कोणती? हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत मोलाचा आहे, कारण न कळलेले कबूल केले तरी गुण जात नाहीत हे मुलांना त्यातूनच समजते. एका वेळी तीन प्रश्न द्यावेत, मुलाने त्यातला एक घ्यावा. सहावीला ५० ते ६० शब्द, आठवीला १०० ते १२० शब्द पुष्कळ झाले. पान भरण्याची अट घातली की मुले गोष्टच पुन्हा सांगू लागतात.

साधनांचे बोलायचे तर शाळेकडे गूगल वर्कस्पेस फॉर एज्युकेशनची, म्हणजे शाळांसाठीच्या गूगल सेवांची, खाती असतील तर उत्तमच. पात्र शाळांना त्याची मूळ आवृत्ती मोफत मिळते; शाळेचे स्वतःचे डोमेन आणि ते सांभाळणारा एक माणूस मात्र लागतो. त्यातल्या गूगल क्लासरूममध्ये नोंदवहीची फाइल जोडताना प्रत्येक विद्यार्थ्यासाठी स्वतंत्र प्रत हा पर्याय निवडायचा. चुकून सर्वांना संपादनाची मुभा दिली तर चाळीस जण एकाच फाइलमध्ये लिहितात आणि एकमेकांचे पुसतात. काम एकदा पाठवले की हा पर्याय बदलता येत नाही, म्हणून पाठवण्यापूर्वी दोनदा पाहावे. दुसरी अडचण ‘सबमिट’च्या बटणाची. मुलाने ते दाबले की फाइल त्याच्यासाठी फक्त वाचण्यापुरती उरते आणि पुढच्या आठवड्यात त्याला लिहिताच येत नाही. वर्षभर चालणाऱ्या नोंदवहीत ते बटण दाबायचे नाही, हे पहिल्याच दिवशी सांगावे. कोणी दाबलेच तर शिक्षकांनी काम परत पाठवले की फाइल मोकळी होते.

शिक्षकांचे उत्तर कॉमेंटमध्ये देऊ नये. संगणकावर कॉमेंट बाजूला ठसठशीत दिसते. मोबाइलवर ती एका छोट्या खुणेमागे दडते आणि बऱ्याच मुलांना सापडतच नाही. उत्तर नोंदीच्या खालीच, वेगळ्या रंगात लिहावे. ताजी नोंद फाइलच्या सुरुवातीला ठेवावी, म्हणजे कमी ताकदीच्या फोनवर खालपर्यंत सरकत जावे लागत नाही. प्रत्येक सत्राला नवी फाइल करावी. आणि आठवड्याच्या वाचनतासाची पहिली पाच मिनिटे आलेले उत्तर वाचण्यासाठीच राखावीत. मग वीस मिनिटे वाचन आणि दहा मिनिटे नोंदीचा कच्चा मसुदा. उत्तर वाचायला वेळ दिला नाही तर ते वाचले जात नाही आणि शिक्षकांची बारा मिनिटे वाया जातात.

खाती नसलेल्या शाळांनी गूगल फॉर्म वापरावा. हजेरी क्रमांक, पुस्तकाचे नाव, पान आणि नोंद असे चार रकाने. ईमेल गोळा करणे आणि एकदाच उत्तर देण्याचे बंधन हे दोन्ही पर्याय बंद ठेवावेत, नाहीतर फॉर्म लॉगइन मागतो. फोटो जोडण्याचा रकानाही घालू नये, त्यालाही लॉगइन लागते. नाव न घेता क्रमांक घ्यावा. फॉर्मची उणीव अशी की त्यात उत्तर देता येत नाही. म्हणून फॉर्ममधल्या नोंदी जमा होतात त्या शीटमध्ये शेवटचा रकाना उत्तराचा करावा, आठवड्याच्या वीस नोंदी उत्तरांसह छापून घ्याव्यात, पट्ट्या कापून मुलांना द्याव्यात आणि त्या त्यांनी वहीत चिकटवाव्यात. चार-पाच कागदांचे काम आहे. भरता भरता रेंज गेली तर लिहिलेले पुसले जाऊ शकते, म्हणून मुलांनी आधी फोनच्या नोट्समध्ये लिहून मग फॉर्ममध्ये चिकटवावे.

व्हॉट्सॲप ग्रुपवर नोंदवही चालवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. सोपे म्हणून बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. पण तिथे पहिली चांगली नोंद आली की पुढच्या पंधरा तिच्यासारख्या येतात, चार दिवसांनी जुनी नोंद शोधून सापडत नाही, आणि मुख्य म्हणजे प्रत्येकाचा फोन नंबर सगळ्यांना दिसतो. सातवी-आठवीतल्या मुलींच्या घरचे नंबर असे फिरणे धोक्याचे आहे. शिवाय स्वतःचे व्हॉट्सॲप खाते असो की गूगलचे, वयाची अट १३ वर्षांची आहे. सहावी-सातवीतली बरीच मुले तेवढी नसतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ तर १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो आणि पालकांच्या संमतीची अट घालतो. पालकसभेत एक पानी मराठी संमतीपत्र घ्यावे: काय लिहिले जाईल, कोण वाचेल, किती दिवस राहील. फाइल लिंक असलेल्या कोणालाही उघडेल, अशी कधीच ठेवू नये.

मुले पुस्तकाबद्दल लिहिता लिहिता घराबद्दल लिहितात. त्यामुळे फक्त शिक्षकांसाठीची नोंद आणि वर्गासाठीची नोंद अशा दोन जागा असाव्यात आणि कुठे लिहायचे ते मुलाने ठरवावे. त्याचबरोबर पहिल्याच दिवशी मुलांना सांगावे की कोणाला इजा होत असल्याचे कळले तर शिक्षक ते झाकून ठेवणार नाहीत. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळवणे २०१२च्या पोक्सो कायद्याने बंधनकारकच आहे. मुलांसाठीच्या मदतीचा १०९८ हा फोन क्रमांक नोंदवहीच्या पहिल्या पानावर असावा.

टायपिंगच्या भीतीने बरेच शिक्षक मागे फिरतात. फोनवर जीबोर्ड या गूगलच्या कळफलकात भाषा मराठीच निवडलेली आहे ना, हे आधी तपासावे. अनेक फोनवर हिंदी असते, आणि मग ‘ळ’ वर आणि क्रियापदांवर हिंदी शब्द सुचत राहतात. इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारी पद्धत पटकन जमते, पण मूल सुचलेल्या पहिल्याच शब्दावर बोट ठेवते आणि ‘पाणी’चे ‘पानी’ होते. शाळेच्या संगणकावर इनस्क्रिप्ट ही देवनागरी कळफलकाची मांडणी शिकवावी. क-हलन्त-ष म्हणजे क्ष, ज-हलन्त-ञ म्हणजे ज्ञ, हे एकदा कळले की मुलांना जोडाक्षर घडते कसे तेही उमगते. कार्यालयातल्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर ऑनलाइन निरर्थक चिन्हांत दिसतो, म्हणून सगळे युनिकोडमध्येच हवे. बोलून टाइप करण्याची सोय लिहिताना अडणाऱ्या मुलांसाठी फार मोलाची आहे. त्यात पूर्णविराम येत नाहीत आणि नावे चुकतात, तेव्हा बोलून झाल्यावर मोठ्याने वाचत विरामचिन्हे हाताने घालायची, एवढा नियम ठेवावा. अगदीच जमत नसेल तर वहीत लिहून दोन ओळीच टाइप कराव्यात.

शुद्धलेखनाचे काय, असे विचारले जाईल. नोंदीत एकही चूक दुरुस्त करू नये. वीस नोंदींत वारंवार दिसलेली एक चूक टिपून ठेवावी आणि व्याकरणाच्या तासाला सगळ्यांना शिकवावी. लाल खुणांच्या भीतीने मूल आपल्याला येणारेच शब्द वापरते, आणि नवा विचार मांडायला तर न येणारे शब्दच लागतात.

नकलेबद्दल एवढेच की आयता सारांश किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेला मजकूर पानाला बांधलेल्या प्रश्नापुढे बहुधा उघडा पडतो. गूगल डॉक्समध्ये आवृत्त्यांचा इतिहास पाहिला तर मजकूर हळूहळू लिहिला की एकदम चिकटवला हेही कळते. मात्र आधी नोट्समध्ये लिहिणाऱ्या मुलाचा मजकूरही एकदमच येतो, हे विसरू नये. ‘तू चोरलेस’ म्हणण्यापेक्षा ‘पान ४१ वरचे ते वाक्य तासाला वाचून दाखवशील?’ असे लिहावे.

आपल्या भागाच्या काही गोष्टी वेळापत्रकात धराव्या लागतात. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे पावसाळ्यात वीज आणि रेंज दोन्हींचा भरवसा नसतो, म्हणून जून-जुलैत नोंदी कागदावर घ्याव्यात आणि उत्तर देण्याची सवय तिथेच लावावी. घरातला एकच फोन वडिलांबरोबर शेतात किंवा कारखान्यावर जातो. ‘आज रात्रीपर्यंत पाठवा’ म्हणण्यापेक्षा शुक्रवार ते सोमवार एवढी मुदत द्यावी. कृष्णाकाठाला तर ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवतोच. भिजलेल्या वह्या-पुस्तकांचे काय होते ते सांगलीकरांना सांगायला नको. ऑनलाइन नोंदवही पाण्यात जात नाही.

सगळ्यांत मोठा उपयोग मात्र ऊसतोड मजुरांच्या मुलांना आहे. गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडची कुटुंबे वाळवा, पलूस, कराडच्या फडांवर येतात आणि उन्हाळा लागता लागता परत जातात. मूल दोन शाळांत विभागले जाते. इथली वही इथल्या कपाटात राहते, तिथल्या शिक्षकांना त्याने काय वाचले ते कळत नाही. मुलाच्या नावाची फाइल तिथल्या शिक्षकांना वाचायला दिली, किंवा छापील पट्ट्यांची वही त्याच्याबरोबर दिली, तर दुव्याचा एक धागा राहतो. जत, आटपाडी, माण, खटावच्या मेंढपाळांच्या मुलांचेही तेच.

पुस्तके कमी पडतात ही तक्रार खरी आहे, पण अडून राहण्याइतकी नाही. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक नोव्हेंबर १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक ऑनलाइन मोफत वाचता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी खुल्या परवान्याने आहेत. त्या छापूनही वाटता येतात. ऑनलाइन पुस्तकाला पान क्रमांक नसेल तर वाक्य उतरवणे पुरते.

आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनात याला दहा गुण द्यायचे झाले तर चार नियमितपणाला, तीन पुस्तकातल्या आधाराला, तीन मित्राला दिलेल्या उत्तराला द्यावेत. मताला गुण नसावेत. आठवीला एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेचे दडपण असते, तेव्हा परीक्षेआधीचा महिना सोडून द्यावा. नोंदवही त्याने बिघडत नाही.

शिक्षण विभागाकडे आमचे दोन आग्रह आहेत. वाचन प्रेरणा दिनाचा अहवाल मागताना फोटो आणि वाचलेल्या पुस्तकांची संख्या यांऐवजी प्रत्येक शाळेने उत्तरासह पाच नोंदी पाठवाव्यात; मुलाचे नाव काढून. आणि मराठीच्या शिक्षकाला रोजची बारा मिनिटे मिळावीत म्हणून त्याच्याकडची एक तरी ऑनलाइन माहिती भरण्याची जबाबदारी कमी करावी. बारा मिनिटे थोडी वाटतात, पण सध्या तीच माहिती भरण्यात जातात.

आपल्या दैनिकालाही एक विनंती. मुलांच्या पानावर कविता आणि चित्रे येतात, तशी आठवड्याला एक वाचननोंद छापावी. शंभर शब्दांच्या आत, पुस्तकाचे नाव आणि पान क्रमांकासह, मुलाची फक्त इयत्ता आणि तालुका देऊन, पालकांच्या संमतीने. आणि तिच्याखाली शिक्षकांचे किंवा मित्राचे उत्तरही छापावे.

आपले,
मराठी विषयाचे काही शिक्षक व शालेय ग्रंथपाल,
कराड, पलूस आणि तासगाव तालुके